दोनदा वाजलं की ठीक

लाँड्रीवाल्याला सगळी गल्ली काळजीवाहू म्हणायची. सरकार काळजीवाहू असतं ते निवडणूक होईपर्यंत. हा जन्माचा काळजीवाहू होता. दुकानाचं शटर ओढून कुलूप लावायचा, चार पावलं जायचा, परत येऊन कुलूप हिसकून बघायचा आणि मग बायकोला म्हणायचा, "आता तू बघ." ती बघायची आणि "लागलंय" म्हणून सांगायची. तेव्हा कुठे त्याचे पाय घराकडे वळायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांचा एखादा कोट दुकानात असायचा, याच्या डोक्यावर सगळ्या गल्लीचे कोट असायचे.

आणि ही सवय काही त्याला आईच्या पोटातून आलेली नव्हती, ती धंद्यानं लावलेली होती. दुकान नवीन असताना त्यानं एका कोटाचे खिसे स्वतः तपासले, काही नाही म्हणून स्वतःच कोट मशीनमध्ये टाकला, आणि आतल्या चोरखिशातल्या शाईच्या पेनानं त्या खेपेचे सगळे पांढरे शर्ट आकाशी करून ठेवले. त्या दिवशी बायकोनं नियम घातला. "आपलं आपल्याला दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघितलेलं मी बघणार, मी बघितलेलं तुम्ही." तेव्हापासून एकही खिसा एकाच्याच हातानं तपासला गेला नाही. हळूहळू हा नियम दुकानातून घरी आला. तो स्वतःची रक्तदाबाची गोळी हमखास विसरायचा, म्हणून ती गोळ्यांची पट्टी तिच्या पर्समध्ये. तिला दम्याचा त्रास. ती आपला पंप ओट्यावर, खिडकीत, भाजीच्या पिशवीत, कुठंही ठेवून यायची, म्हणून तो पंप याच्या शर्टाच्या खिशात. ज्याचं औषध त्याच्याकडे ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं दोघांचंही प्रामाणिक मत होतं.

दुकानाचे दोन भाग होते. पुढे काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, तिथं तो. मागे मशीन, ड्रायर आणि डाग काढायची मोरी, तिथं ती. मध्ये फळ्यांचं पार्टिशन. मशीन सुरू झालं की हाकेला हाक ऐकू येत नसे, म्हणून दोघांनी फळीवर वाजवायची खूण ठरवली होती. त्यानं इकडून एकदा वाजवायचं, म्हणजे "ठीक आहे ना?" तिनं तिकडून दोनदा वाजवायचं, म्हणजे "ठीक आहे." तिसरी खूण त्यांनी ठरवलीच नाही. ठीक नसेल तर काय वाजवायचं? काहीच नाही. उत्तर आलं नाही की हातातलं टाकून धावायचं, इतकं साधं.

विचारणारा नेहमी तो आणि उत्तर देणारी नेहमी ती. तिनं आपणहून एकदा वाजवून त्याला कधी विचारलं नाही. तशी गरजच पडली नाही म्हणा. जो माणूस घटकेघटकेला विचारतोय तो जिवंत आहे, हे उघडच आहे.

मग एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं एकदा वाजवलं आणि उत्तर आलं नाही. तो धावला. डाग काढायच्या औषधाची बाटली मोरीत कलंडली होती, खिडकी बंद होती, आणि ती चादरींच्या ढिगाला टेकून बसली होती. ओठ निळसर पडलेले, डोळे छताकडे, आणि छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज. खिशातला पंप काढताना त्याच्या हातून तो दोनदा पडला. पंप तिच्या तोंडात गेला, रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला, सगळं वेळेवर झालं. पण तिच्या नखांचा तो रंग याच्या डोळ्यांसमोरून काही हलेना.

डॉक्टर म्हणाले, "वाफ, वास, धूळ यांच्यापासून काही दिवस लांब राहा. समुद्राची हवा चांगली. पंप हाताशी ठेवायचा, पळायचं नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरायचं नाही."

तिनं मान डोलावली. घाबरायचं नाही हे तिला सांगितलं होतं, पण घाबरायचं काम त्यानं केव्हाच आपल्याकडे घेतलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला. दिवसभर फळीवर टकटक. इस्त्री एका हातात, दुसरा हात फळीवर. घरी तिनं न्हाणीघराचं दार लावलं की बाहेरून टकटक. त्यानं घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. "दार अडकलं तर?" म्हणाला. तो स्वतः आत असला तरी दार नुसतं लोटलेलं असायचं.

"अहो, फळी झिजेल," ती म्हणायची. तरी दोनदा वाजवायची.

समुद्राच्या हवेचा विषय लेकीनं धरून ठेवला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, आणि बापाचा स्वभाव ओळखून असल्यामुळे तिनं विचारलंच नाही. थेट तिकिटं काढून पाठवली. एका किनाऱ्यापासून तीन बेटं, लाँचनं एका बेटावरून दुसऱ्यावर, आणि शेवटी मोठ्या बंदरातून क्रूझ. आठवडाभर नुसतं पाणी.

"नुसतं पाणी?" त्यानं फोनवर विचारलं. "आणि हिला मध्येच त्रास झाला तर?"

"जहाजावर डॉक्टर असतो, बाबा."

"त्यालाच काही झालं तर?"

लेकीनं कपाळावर हात मारलेला फोनमधून दिसला नाही, पण ऐकू आल्यासारखा वाटला. बायको मात्र तिकिटं छातीशी धरून बसली होती. "मला एकदा असं पाणी बघायचंय," ती म्हणाली, "की चारी बाजूंना किनारा दिसत नाही." आयुष्यभर पाणी तिनं मशीनच्या गोल काचेतूनच बघितलं होतं. त्यानं पंप दोन घेतले. मग दोन्ही आपल्याकडेच ठेवले, कारण नियम म्हणजे नियम.

पहिल्या बेटावरचं लॉज पांढरं, अरुंद आणि कागदी भिंतींचं होतं. ती अंघोळीला गेल्यावर यानं सवयीनं भिंतीवर एकदा वाजवलं. भिंत न्हाणीघराची नव्हती, शेजारच्या खोलीची होती. तिकडून दोनदा आलं, मग पाच-सहा वेळा, आणि मग एक जाड आवाज आला, "काय कटकट आहे?" ती केस पुसत बाहेर आली तर हा खुर्चीवर शहाण्या मुलासारखा बसलेला. ती इतकी हसली की शेवटी तिला खोकला आला, आणि तो आला म्हणून हा घाबरला.

दुसऱ्या बेटावर तिनं पाण्यात पाय घातला, मग गुडघे, मग चक्क पाठीवर पडून तरंगली. हा घोट्याइतक्या पाण्यात उभा. पंप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हात डोक्यावर धरलेला. येणारेजाणारे बघत होते.

"अहो, खाली करा हात! लोकांना वाटेल तुम्ही शरण आलात!"

"तू आधी बाहेर ये."

"आले नाही तर?"

"तर मी आत येईन. आणि मला पोहता येत नाही."

ती मुकाट्यानं बाहेर आली. पण तिचा रंग सुधारला होता, हे त्यालाही नाकारता येईना. जिना चढताना ती मध्ये थांबत नव्हती. झोपेत तिच्या छातीतली शिट्टी बंद झाली होती. त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं; पण सगळं सुरळीत चाललेलं दिसलं की तो खिशातला पंप पुन्हा चाचपून बघायचा. नशिबाचे खिसे कोणी तपासले होते?

लाँचवर त्यांची जागा ठरून गेली होती. खाली बंदिस्त भाग होता, तिथं डिझेलचा वास. म्हणून ती वर, डेकवर, मोकळ्या हवेत बसायची. वर गेलं की दोन्हीकडे पाणी दिसायचं. म्हणून तो खाली बसायचा, सामान पायांत घेऊन, तिच्या बरोबर खालच्या बाकावर. डेक लाकडी फळ्यांचा होता. छत्रीच्या मुठीनं त्यानं वर एकदा वाजवायचं आणि तिनं टाचेनं दोनदा. दुकानच आडवं केलं होतं म्हणा ना. तीन समुद्र त्यांनी असेच ओलांडले.

तिसऱ्या बेटावरून निघायचं ते थेट क्रूझसाठी. धक्क्यावरून पलीकडचं मोठं बंदर दिसत होतं आणि बंदरात ते जहाज, पांढरं, कित्येक मजल्यांचं. त्याला पाहूनच याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं लोखंड तरंगतं कसं, हा प्रश्न त्यानं लाँचवाल्यालाही विचारला. लाँचवाला म्हणाला, "काका, आजवर तरी तरंगतंय." हे उत्तर काळजीवाहू माणसाला देण्याजोगं नव्हतं.

लाँच सुटायला थोडा वेळ होता. दोघांचे फोन आणि तिकिटं बॅगेत, बॅगा याच्याकडे. धक्क्याच्या मागच्या अंगाला एका लॉजच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या आणि एक बाई एकटीच त्या उतरवत होती. वारा असा की ती एक टोक धरी तर दुसरं तिच्या तोंडावर येई.

"बघा हो," बायको म्हणाली. "डबल चादर एकटीनं घडी करतेय. मातीला लागेल."

"लागू दे. आपली आहे का?"

"तुम्ही व्हा पुढं, जागा धरा. मी एवढं एक टोक धरते आणि आलेच."

तो थांबला असता, पण दोन बॅगा होत्या आणि खालचा तो बाक दुसऱ्या कोणी बळकावला तर तिच्या पायाखालची जागा जाणार होती. तो पुढं झाला. बाक मिळाला. बॅगा पायांत घेऊन तो बसला. वर पावलं वाजत होती, माणसं चढत होती, सामान सरकत होतं. इंजिन गुरगुरलं, तशी त्यानं छत्री उचलली आणि वर एकदा वाजवलं.

वरून दोनदा आलं. ठक, ठक.

त्यानं श्वास सोडला आणि छत्री मांडीवर आडवी ठेवली. लाँच सुटली.

आता यात त्याची चूक काय? जन्मभर दोनदा वाजलं की ठीक, हे ज्याच्या हाडीमाशी खिळलंय, तो माणूस दोनदा वाजल्यावर वर जाऊन बघेल कशाला? दुसरा कोणीही नवरा, बायकोवर याच्या निम्म्यानंसुद्धा जीव नसलेला, जिन्यातून एकदा डोकं वर काढून बघून गेला असता. यानं ऐकलं आणि विश्वास ठेवला.

बेट बरंच मागं पडल्यावर वारा वाढला. खालच्या काचांवर पाणी उडायला लागलं. त्यानं पुन्हा वाजवलं, एकदा. वर काही हललं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी मोरी, चादरींचा ढीग आणि निळी नखं डोळ्यांपुढे आली. तो उठला. बॅगा तुडवत, कोणाच्या तरी पायांवर पाय देत, ज्या डेकवर त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथं तो जिन्यानं चढला.

तिच्या जागेवर रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी होती. निघायच्या वेळी कोणीतरी एकामागून एक आणून आपटलेली. ठक, ठक.

"माझी बायको," तो म्हणाला. नंतर ओरडला. "माझी बायको राहिली! तिचा पंप माझ्याकडे आहे!"

लाँचवाल्याला सगळं समजायला वेळ लागला, कारण हा सांगताना फळीपासून सुरुवात करत होता. समजल्यावर त्यानं वायरलेसवरून धक्क्यावरच्या माणसाला बोलावलं. खरखरीतून आवाज आला, "हो, एक बाई आहे इथं. लाँचमागं पळत आली. दम लागलाय तिला, बसवलीय. दवाखान्यात नेतायत—" आणि पुढं नुसती खरखर.

पळायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"वळवा," तो म्हणाला.

"काका, एवढी माणसं आहेत. सगळ्यांना जहाज गाठायचंय. सोडतो आणि लगेच शेवटच्या फेरीला परत निघतो, त्यात या."

"तोवर ती..." डेकवरची माणसं त्याच्याकडे बघत होती. कोणी हळहळत होतं, कोणी घड्याळ बघत होतं. टोपी घातलेली एक बाई म्हणाली, "अहो, वळवा ना, माणसाचा जीव आहे." तिच्या नवऱ्यानं तिचा हात दाबला. हा दोन्ही पंप मुठीत घट्ट धरून उभा. तिचा श्वास इथं होता, याच्या मुठीत, आणि ती तिथं. आपण केवढे शहाणे, आपला नियम केवढा शहाणा! ज्याचं औषध त्याच्याकडे असणं मूर्खपणाचं म्हणे! एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण या ब्रह्मराक्षसाला यानं स्वतः तिकीट काढून बरोबर आणलं होतं.

तेवढ्यात समोरून एक मासेमारीची होडी बेटाकडं येताना दिसली. लाँचवाल्यानं भोंगा वाजवला, हात केले, होडी जवळ आली. दोघांचं ओरडून काहीतरी बोलणं झालं. मग लाँचवाला त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, "जाल? उतरावं लागेल असंच, चालत्या पाण्यात."

होडी एकदा वर यायची, एकदा खाली जायची. मध्ये काळं पाणी उघडायचं आणि मिटायचं. जो माणूस घोट्याच्या वर कधी समुद्रात गेला नव्हता, त्यानं बॅगांकडे पाहिलंसुद्धा नाही. पंप शर्टाच्या आत टाकले, बटण लावलं, आणि विचारलं, "कधी टाकू पाय?"

"वर आली की."

ती वर आली आणि त्यानं पाय टाकला. गुडघा फळीवर आपटला, छत्री पाण्यात गेली, आणि तो मच्छीमाराच्या जाळ्यांवर पालथा पडला. मच्छीमारानं काही विचारलं नाही. होडी बेटाकडं निघाली. सगळ्या वाटेत याचा उजवा हात होडीच्या कडेवर एकदा, एकदा, एकदा वाजवत होता. कोणाला ऐकू जाणार होतं?

बेटावरचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक नर्सबाई. दारात ती चादरवाली उभी होती. याला बघून ती रडायलाच लागली. "माझ्यामुळं झालं हो. दोन चादरी झाल्या, तिसरीचं टोक धरलं आणि भोंगा झाला." त्यानं तिला ओलांडलं. आतल्या खोलीत पडदा होता. वाजवायला फळी नव्हती, आणि पडद्याला हात लावायचं त्याला धाडस होईना. या बाजूला आहे तोवर ती आहे, असं काहीतरी वेड्यासारखं त्याच्या डोक्यात आलं. शेवटी नर्सबाईनंच पडदा सरकवला.

ती खाटेवर बसलेली होती. तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क, केस विस्कटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. पण नखं गुलाबी होती. त्यानं आधी नखं बघितली. मग शर्टातून पंप काढले आणि दोन्ही तिच्यापुढे धरले, उशिरा आलेल्या माणसानं धरावेत तसे.

तिनं मास्क बाजूला केला. एक-एक शब्द तोडत म्हणाली, "तुमची... दुपारची गोळी?" आणि मूठ उघडली. घामानं ओली झालेली पट्टी तिच्या हातात होती.

"हे एकच चाललं होतं त्यांचं," नर्सबाई म्हणाली. "इथं श्वास मिळत नाही आणि मला सांगतायत, त्यांची गोळी माझ्याकडे राहिली, कोणालातरी पाठवा. मी म्हटलं, बाई, आधी तुमचं बघू."

त्यानं गोळी घेतली. नर्सबाईनं पाणी दिलं. ती गिळताना त्याचा हात अजिबात थरथरला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

उतार पडला तसं त्यानं सांगून टाकलं, "आपण घरी जायचं. जहाजबिहाज काही नाही."

"सामान कुठंय?"

"लाँचवर गेलं. जहाजावर पोचलं असेल."

"म्हणजे बॅगा फिरणार आणि आपण घरी?"

"चेष्टा नकोय मला."

तिनं मास्क काढून खाटेवर ठेवला. श्वास आता सरळ येत होता. मग म्हणाली, "घरी तीच वाफ आहे, तीच मोरी आहे. इथं निदान हवा आहे. मला ते पाणी बघायचंय. आणि हे बघा," तिनं एक पंप उचलून आपल्या पर्समध्ये टाकला, "एक आजपासून माझ्याकडे. आणि यातल्या अर्ध्या गोळ्या तुमच्या खिशात."

तिनं पट्टी मधोमध कातरून मागितली. नर्सबाईनं कात्री दिली. इतक्या वर्षांचा नियम कात्रीच्या एका चाव्यात संपला आणि दोघांनाही त्याबद्दल काही बोलावंसं वाटलं नाही. नर्सबाई म्हणाली की जहाजावरचा दवाखाना इथल्यापेक्षा मोठा आहे, तिथं आजच दाखवा आणि खुशाल जा. शेवटच्या फेरीला लाँचवाला खरंच आला. या वेळी दोघंही वर बसले. त्यानं सगळी वाट तिचं मनगट धरून ठेवलं. पाण्याकडं त्याचं लक्षही नव्हतं.

जहाजाच्या डॉक्टरनं छाती तपासली, ठीक आहे म्हणाला. यानं त्याला पुन्हा तपासायला लावली. त्यानं पुन्हा ठीक आहे म्हटलं, तेव्हा कुठे खोलीचा शोध सुरू झाला. खोली लहान, खिडकी नसलेली, भिंती लोखंडाच्या. बॅगा आधीच येऊन पोचल्या होत्या. जहाज सुटलं तेव्हा दोघं कठड्याशी उभे होते. तिन्ही बेटं एकामागून एक बारीक होत गेली, मग किनाऱ्याची रेघ राहिली, आणि मग उजेड असतानाच तीही पुसली गेली. ती गोल फिरून चारी बाजूंना बघून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "खरंच कुठं काही नाही."

त्यानं कठडा सोडला. "मी जरा आलोच," म्हणून तो खाली खोलीत गेला.

बाथरूममध्ये जाऊन त्यानं दार लोटलं आणि झाकण पाडून बसला. दुपारपासून जे हात दगडासारखे स्थिर होते, ते आता थरथरायला लागले. त्यानं ते मांड्यांखाली दाबून ठेवले, तर खांदे हलायला लागले. लाँचवर तो ओरडला होता, रडला नव्हता. होडीत रडला नव्हता, दवाखान्यात नाही, आणि खरं म्हणजे त्या चादरींच्या ढिगापाशीही नाही. ते सगळं आता एकदम आलं. मोठा, जाडजूड, चष्मा लावणारा माणूस, त्या एवढ्याशा लोखंडी खोलीत, तोंडात टॉवेल कोंबून हुंदके देत होता. वर सगळं ठीक होतं. तिचा पंप तिच्याकडे होता. आता भ्यायला काहीच नव्हतं, आणि त्याला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

बाहेर खोलीचं दार उघडून मिटलं. चपला वाजल्या, थांबल्या. काही वेळ गेला.

मग बाथरूमच्या दारावर टकटक झाली. एकदाच.

त्याला आधी कळलंच नाही. ही खूण त्याची होती. ती वाजवायचा तो, ऐकायची ती. इतक्या वर्षांत ती त्याच्या बाजूला कधी आलीच नव्हती. ठीक आहे ना? कोणीतरी त्याला विचारत होतं.

त्यानं टॉवेल तोंडातून काढला. नाक पुसलं. हात उचलला, दोनदा वाजवायला. मूठ दारापासून बोटभर अंतरावर थांबली.

दोनदा वाजवणं सोपं होतं. ती "बरं" म्हणाली असती, खाटेवर बसली असती, आणि तो तोंड धुऊन, डोळ्यांत साबण गेला म्हणून बाहेर आला असता. त्यानं हात तसाच मांडीवर ठेवला आणि काहीच वाजवलं नाही.

बाहेर क्षणभर शांतता होती. मग काहीतरी हातातून खाली पडल्याचा आवाज आला आणि चपला धावल्या. पळायचं नाही तिनं, हे त्याच्या मनात आलं. पण दाराला कडी लावलेली नव्हती, आणि ती आत आली होती.